सात दिवसांचा गोंगाट

३ मार्च, सोमवार

नऊ मजले! नऊ!!

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. कोण बघतंय?

सकाळी गल्लीच्या तोंडाशी खांबावर कागद डकवलेला. सुतार, चार बायका, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सगळे माना वर करून उभे. माझ्या काखेत इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं. म्हटलं, मास्तर, मोठ्यानं वाचा, माझी चौथीची अक्कल, मला ते वाचायला दुपार होईल. त्यांनी वाचलं आणि माझं गाठोडं तिथंच खाली पडलं. धुतलेले कपडे, मातीत!

भिंतीपलीकडचा वॉटर पार्क वाढवणार आहेत. आत्ता तो लांब पलीकडच्या टोकाला आहे, शनिवार-रविवारी तेवढा चालतो. मधे मोठं रिकामं मैदान. त्या मैदानात आता लाटांचा तलाव येणार. आणि मनोरा. नऊ मजली घसरगुंडी! वरून माणूस उभ्याचा उभा खाली सोडायचा. रोज, सकाळी नऊ ते रात्री दहा.

माझ्या मोरीपासून ती भिंत बावीस पावलं. मी लगेच जाऊन मोजली.

सुतार म्हणाला, "म्हणजे ते पैसे देऊन किंचाळणार आणि आपण फुकट ऐकणार!" सगळे हसले. मला नाही हसू आलं.

हे दारात बसले होते. विचारलं, "काय लिहिलंय गं?" सांगितलं सगळं. कान भिंतीकडे वळवला. तीन वर्षं झाली डोळे जाऊन. त्याआधी सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली, कधी एक दिवस घरी नाही. आता कान हेच डोळे. गल्लीत कोण शिरलं ते पावलांवरून सांगतात. "मास्तर आले. डावी चप्पल झिजलीय त्यांची." दूध वर यायच्या आत मला हाक मारतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटे जातात, रस्ता ओलांडतात, ते कशाच्या जोरावर? ऐकून!

आणि आता बावीस पावलांवर तेरा तास किंचाळ्या. एकदा आंधळं होऊन झालं. आता दुसऱ्यांदा करणार हे लोक त्यांना.

४ मार्च

एक सदरा जाळला. वीस वर्षांत पहिला.

६ मार्च, गुरुवार

सुताराच्या कारखान्यात बैठक झाली. भुश्शावर बसलो सगळे. एकवीस घरांतून एकवीस माणसं आली, त्यातली आठ नुसती बघायला.

मास्तर हरकतीचा अर्ज लिहीत होते. मी म्हटलं, ह्यांचं लिहा आधी. आंधळा माणूस आहे, कानांवर जगतो, ते लिहा. मास्तर चष्म्यातून बघत म्हणाले, "वहिनी, त्यांच्या नियमात नवरा बसत नाही. आवाज बसतो."

म्हटलं, मग आवाज लिहा!

तर म्हणे तो आपण लिहून चालत नाही. नियोजन कार्यालयातून माणूस येणार, यंत्र लावून मोजणार. मग आठ एप्रिलला सुनावणी. तिथं ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं.

जाऊबाई मागून बोलल्या, "बोलायला आमच्या ह्या आहेतच की. मनोऱ्यावर नेऊन उभं करा, पार्क आपोआप बंद पडेल." हसा. हसून घ्या. त्यांचं घर भिंतीपासून साठ पावलं, म्हणून दात निघतात.

१० मार्च, सोमवार

मीटरवाली बाई आली. पस्तिशीची असेल, पायात बूट, पाठीवर पिशवी. आमचं घर सगळ्यांत जवळचं म्हणून आमच्याच गच्चीवर यंत्र. एक काठी, तिच्या टोकाला काळ्या स्पंजाचा गोळा, खाली कुलूप लावलेली पेटी. एवढंसंच! मला वाटलं होतं केवढं असेल.

काहीतरी समजवायला लागली. माझ्याकडे लग्नघरचे चाळीस कपडे, इस्त्री तापलेली, म्हटलं बाई, जे काय सांगायचं ते ह्यांना सांगा, हे आलेतच वर. मी खाली आले. ती अर्धा तास ह्यांच्याशी बोलत होती. ह्यांचा हसल्याचा आवाजही आला. कधी नव्हे तो.

नंतर विचारलं, काय म्हणाली? "सात दिवस मोजणार म्हणाली. पेटीला हात लावू नका म्हणाली."

बरं.

११ मार्च, मंगळवार

बदमाश! हरामखोर! ह्यापेक्षा वाईट शब्द येतात मला पण लिहिता येत नाहीत!

सकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला पार्कच्या फाटकावरून गेले. फाटकाला पाटी. पहारेकऱ्याला विचारलं, काय लिहिलंय रे भाऊ? "देखभालीसाठी आठ दिवस बंद, मावशी. तलाव रिकामे केलेत."

बंद! आठ दिवस! आणि मीटर सात दिवस!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे यंत्र लावायचं कधी, तर पार्क बंद असताना. मग ते काय मोजणार? चिमणीचा आवाज! आणि तिकडे जाऊन सांगणार, बघा, ह्या लोकांना काही त्रास नाही, उगाच ओरडतात. एवढा उघडा डाव! आपल्याला काय दूधखुळे समजले काय?

कपडे तसेच घेऊन परत आले. मास्तरांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, हे माझ्या लक्षात कसं नाही आलं?" सुताराला सांगितलं. तो तर कानशिलं लाल करून उभा राहिला.

म्हटलं, सोपं आहे. आवाज हवाय ना त्यांना? आवाज देऊ. पार्क बंद तर बंद. आपण आहोत की चालू.

१२ मार्च

आमची गल्ली! आज अभिमान वाटला मला.

सुतारानं करवतीचं यंत्र बाहेर आणून थेट आमच्या गच्चीखाली लावलं. लाकूड संपलं तर जुनी खिडकी कापत बसला. ट्रकवाल्याची बायको दर अर्ध्या तासाला ट्रकात चढून हॉर्न दाबते, नवरा झोपलेला असतो, तो उठून तिच्यावर ओरडतो, तेही मीटरमध्ये! जाऊबाई पिंप आणि लाटणं घेऊन बसल्या. त्या दिवशी दात काढत होत्या, आज त्यांचंच पिंप सगळ्यांत मोठं. मास्तर स्वतः शाळेची जुनी घंटा घेऊन आले. माणूस आयुष्यभर पोरांना "गप्प बसा" सांगत आला, आज घंटा बडवताना तोंडावर असलं तेज!

मी गच्चीच्या जिन्यावर उभी राहून सांगत होते, कुणी थांबायचं नाही, पाळीपाळीनं जेवा. 

ह्यांचं काय करावं कळेना. म्हटलं तुम्ही आत बसा, कानांत कापूस घाला, तुमच्याचसाठी चाललंय. तर म्हणाले, "माळ्यावर पंपाचा जुना पत्रा आहे, तो काढ. उभा टांग. आडवा टांगलास तर बद्द वाजेल."

टांगला. काय वाजला! आकाश फाटल्यासारखा. जाऊबाई म्हणाल्या, "भावजींना म्हणावं डोकं आहे अजून." मला भरून आलं.

१४ मार्च

घसा बसला. डोकं ठणकतंय. हातांना पत्र्याचे घट्टे. चालू आहे.

हे जेवत नाहीत नीट. भिंतीला जाऊन कान लावून उभे राहतात, परत येतात. "तिकडे काहीच नाही गं. सगळं बंद." म्हटलं बंदच राहू दे तिकडचं, देवानं ऐकलं तर कायमचं.

१७ मार्च, सोमवार

बाई येऊन यंत्र घेऊन गेली. गल्लीत शांत. इतकं शांत की मलाच कसंतरी झालं.

जाताना ती म्हणाली, "काकू, फार गजबजलेली गल्ली आहे हो तुमची." मी आणि जाऊबाईंनी एकमेकींकडे बघितलं. म्हटलं, काय सांगू बाई, जगणं नकोसं झालंय. सुतार पाठ करून उभा, खांदे हलत होते त्याचे.

तीन आठवड्यांत अहवाल. येऊ दे. बघून घेऊ नऊ मजले!

२ एप्रिल, बुधवार

लिहायला बसलेय पण लिहू काय.

नियोजन कार्यालयात गेलो होतो. मी, मास्तर, सुतार. खिडकीतल्या कारकुनानं अहवालाची प्रत दिली. मास्तर तिथंच बाकावर बसून वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. मग बंदच झाला. ओठ हलतायत, आवाज नाही.

म्हटलं, अहो वाचा की!

"वस्तीचा मूळचा आवाज. दिवसा बहात्तर डेसिबल."

म्हटलं, चांगलंय की! बहात्तर! पास झालो!

कारकून हसला. म्हातारा कारकून, पण माझ्या तोंडावर हसला. मग त्यानं समजावून सांगितलं, हळू हळू, मूल असल्यासारखं. ते यंत्र पार्कचा आवाज मोजायला नव्हतंच. पार्क बंद ठेवायला सांगितलं होतं ते कार्यालयानंच. पार्क नसताना ही गल्ली मुळात किती शांत आहे ते मोजायचं होतं. मग मनोऱ्यामुळे त्यावर किती वाढेल त्याचं गणित करायचं. पाचाच्या वर वाढला तर परवानगी नाही.

"आणि आमच्यात किती वाढतो?"

"दीड."

दीड!

"आधीच इतका गोंगाट आहे मावशी, त्यात मनोरा काय ऐकू येणार?"

अहवालात लिहिलंय, मास्तरांनी दोनदा वाचलं: 'कायम गोंगाटाची वस्ती, सुतारकाम, अवजड वाहने, पत्राकाम. नव्या प्रकल्पाने रहिवाशांना जाणवेल असा फरक पडणार नाही.'

पत्राकाम! माझा पत्रा तो!

मास्तरांनी विचारलं, "आणि... शांत असती तर?"

कारकुनानं कागदावर बोट ठेवलं. "अशा आतल्या गल्ल्या चाळीस-बेचाळीसच्या वर जात नाहीत. मग तुमच्यात पंचवीसच्या वर वाढला असता. प्रकल्प जागेवर बाद."

म्हणजे नुसतं गप्प बसायचं होतं. सात दिवस तोंड बंद ठेवून घरात बसलो असतो तरी जिंकलो असतो. आम्ही आमच्या हातांनी, लाटण्यानं, घंटेनं, बडवून बडवून त्या मनोऱ्याला जागा करून दिली. मी! माझी अक्कल! मीच जिन्यावर उभी राहून ओरडत होते, थांबू नका!

 

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अरेरे." एवढंच. ते एक शब्द लावून बोलले असते तर बरं वाटलं असतं मला.

३ एप्रिल

गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी अक्कल वाटताना जरा विचारत जा कुणाला." मी कधी नव्हे ते गप्प. त्याच घाबरल्या. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

५ एप्रिल, शनिवार

ठरलं. सुनावणीत उभं राहून खरं सांगणार. तो आवाज आमचा होता, मुद्दाम केला, परत मोजा.

सुताराच्या कारखान्यात सांगितलं तर गदारोळ. ट्रकवाला म्हणाला, "सरकारी यंत्राला फसवलं म्हणून आत टाकतील सगळ्यांना!" त्याची बायको, "मी नुसता हॉर्न दाबला, हॉर्न दाबायला बंदी आहे का?" मास्तर पांढरेफटक. पेन्शन जाईल म्हणाले. चाळीस वर्षांची नोकरी घंटेपायी जाईल.

म्हटलं, कुणाचंही नाव घेणार नाही. मी बडवलं म्हणेन. एकटीनं.

सुतार म्हणाला, "वहिनी, करवत पण तुम्हीच चालवली म्हणणार?"

हो. हॉर्न पण मीच. घंटा पण मीच. बघू कोण काय करतो!

घरी येऊन ह्यांना सांगितलं.  म्हणाले, "नको जाऊस. झालं ते झालं. होऊ दे त्यांचा मनोरा." 

माझ्यासाठी म्हणतात हे. मला त्रास नको म्हणून. तीन वर्षं असंच, स्वतःचं काही मागायचं नाही. म्हटलं तुम्ही गप्प बसा, तुमच्यासाठी मला तुमची परवानगी नको.

८ एप्रिल, मंगळवार

एका शाळेच्या सभागृहात होती. पंखे गरगर, समोर टेबलावर तीन अधिकारी, मधला टकला. एका बाजूला पार्कवाले, त्यांचा काळ्या कोटातला वकील, त्यांच्यापुढे प्लास्टिकचा मनोरा करून आणलेला, खेळण्यासारखा. खाली इवलीशी घरं. त्यात माझं घर शोधलं. मोरीसुद्धा नाही दाखवली.

माझा नंबर आला. पदर खोचला.

म्हटलं, साहेब, तो बहात्तर खोटा आहे. तो आम्ही केला. म्हणजे मी केला.

"काय केलं?"

पत्रा बडवला. पिंप बडवलं. करवत चालवली. घंटा वाजवली. ट्रकचा हॉर्न दाबला.

टकला साहेब म्हणाला, "बाई, हे सगळं तुम्ही एकटीनं केलंत? इतके दिवस?"

हो.

"एकाच वेळी?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर उभे! "घंटा माझी होती, साहेब." चष्मा काढून हातात धरला त्यांनी. मग सुतार. "करवत माझी." मग ट्रकवाल्याची बायको, नवरा पदर ओढून खाली बसवत होता तरी. मग जाऊबाई! "पिंप. आणि लाटणं." अर्धं सभागृह उभं!

सगळे हसायला लागले. अधिकारीसुद्धा, तोंडाला कागद लावून. वकील ओरडत होता, ही शासनाची फसवणूक आहे. टकला साहेब म्हणाला, "वकीलसाहेब, फसवणूक करून हे लोक स्वतःच हरले. असली फसवणूक मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय." मग गंभीर झाला. अहवाल रद्द. पुन्हा मोजणी, चौदा एप्रिलपासून, सात दिवस, मधूनमधून माणूस येऊन तपासून जाणार. 

टाळ्या! जाऊबाईंनी मला मिठी मारली. त्यांनी! मला!

बाहेर व्हरांड्यात मीटरवाली बाई भेटली. रागावलेली होती. म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे माझा अहवाल फाडला गेला. पण मी काकांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं हो. गल्ली जेवढी शांत तेवढं तुमच्या फायद्याचं, सगळ्यांना सांगा, म्हटलं होतं. त्यांनी परत परत विचारून घेतलं. किती झाला तर परवानगी मिळते, किती झाला तर नाही, सगळं."

मी म्हटलं, विसरले असतील.

हे काही विसरत नाहीत.

९ एप्रिल

उभा टांग, म्हणाले होते. आडवा बद्द वाजेल.

१० एप्रिल

अजून विचारलं नाही. मी! मनात आलं की तोंडात आलं, अशी मी. दोन दिवस कपडे दाबतेय आणि त्यांच्याकडे बघतेय. त्यांना कळतंय मी बघतेय. 

संध्याकाळी एकवीस घरांत जाऊन सांगून आले. सोमवारपासून सात दिवस हूं की चूं नाही. सुतारानं करवतीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली.

११ एप्रिल, शुक्रवार

विचारलं.

"हो. सांगितलं होतं तिनं."

मग?

पार्कच्या पंपांवरचा मुख्य माणूस म्हणे ह्यांच्या हाताखाली शिकलेला. भिंतीपाशी भेटतो, पलीकडून बोलतो. नव्या तलावाला आणि मनोऱ्याला मिळून अठरा पंप येणार. कुठला बिघडायला आलाय ते नुसतं ऐकून सांगणारा माणूस त्याला हवाय. काका, डोळे नकोत, तुमचे कान द्या, म्हणाला. मनोरा होऊ दे फक्त.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? एवढं सगळं मी तुमच्यासाठी...

"तू विचारलंस कधी? तीन वर्षं दारात बसून लोकांच्या चपला ओळखतोय मी."

सोमवारी मीटर बसेल. आमच्याच गच्चीवर. करवतीची किल्ली माझ्या कनवटीला आहे.